दोन ओळींमधली चार बोटं

बेळगावात पाटी वाचायची नसते, मोजायची असते. दुकानात काय मिळतं हे गल्लीला ठाऊकच असतं. मान वर करून पाटीकडं बघणारा माणूस भलतंच काहीतरी बघत असतो. वर कोण, खाली कोण? जाड कोण, बारीक कोण? कन्नड अक्षर किती फूट आणि मराठी किती इंच? हा हिशेब मनातल्या मनात जमला की तो पुढं सरकतो आणि चहाच्या टेबलावर त्यावर अर्धा तास बोलतो. दुकान बांगड्यांचं होतं की बियाणांचं, हे विचाराल तर त्याला सांगता यायचं नाही.

या मोजणीला आता कायद्याचीही जोड आहे. कर्नाटकानं 2024 साली कायदा दुरुस्त करून पाटीचा 60 टक्के भाग कन्नडला दिला, तोही वरच्या बाजूला. उलट दिशेनं कागलकडं निघालात तर तिथं महाराष्ट्राची 2022ची दुरुस्ती तुमची वाट बघत असते. मराठी देवनागरीत आधी, आणि दुसऱ्या लिपीचं अक्षर तिच्याहून मोठं नको. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2023च्या सप्टेंबरात न्यायालयानं दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. म्हणजे कोगनोळीच्या टोलनाक्याच्या अल्याड आणि पल्याड कायदा हातात टेप घेऊन उभा आहे. टेपनं उंची कळते, लांबी कळते, टक्का काढता येतो. अक्षर देखणं आहे का, एवढं मात्र टेपला कळत नाही आणि कायद्यानंही ते विचारलेलं नाही.

माझा जीव त्या न विचारलेल्या प्रश्नात अडकलाय, कारण या भागात एक अक्षर असं आहे की त्याच्यापुढं वर-खालीचा हिशेब विसरायला होतो. तुम्ही ते पाहिलेलं आहे. जाडजूड, उजवीकडं झुकलेलं, ब्रशच्या एका फटकाऱ्यात ओढल्यासारखं. सुरुवातीला गलेलठ्ठ, शेवटी निमुळतं. शेवटच्या अक्षरातून निघून सगळ्या शब्दाच्या खालून मागं येणारी एक लांबलचक शेपूट, आणि त्या शेपटीच्या पोटात बारीक अक्षरांत ‘प्रो.’ आणि मालकाचं नाव. लाल अक्षर, पिवळी कड, काळी शेड. सलून, सायकलचं दुकान, सोड्याची गाडी, ब्रास बँड, गणपतीच्या मंडळाची कमान, कुस्तीच्या मैदानाचा फलक आणि उसाच्या ट्रॉलीची मागची फळी ही त्याची हक्काची ठिकाणं. डॉक्टरांच्या पाटीवर ते कधी दिसलं नाही. शेपूट बघून पेशंट बिचकत असावेत. वकिलांच्याही नाही. आणि सरकारी कचेरीत तर नाहीच नाही, कारण या अक्षराच्या अंगात एक खुशाली असते, आणि सरकार खुशीत आहे असं पाटीवरून कळणं कुठल्याच राज्याच्या नियमात बसत नाही.

आता जगभर या अक्षराला मोठी मागणी आली आहे. जुन्या वळणाचं ठसठशीत ब्रशचं अक्षर म्हणून त्याचे फॉन्ट विकले जातात. शहाण्या लोकांनी त्याची वंशावळही लिहून ठेवली आहे. अमेरिकेत 1942 साली रॉबर्ट स्मिथ या माणसानं अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीसाठी ‘ब्रश स्क्रिप्ट’ नावाचा टाइप काढला. फ्रान्समध्ये रॉजर एक्सकोफाँनं 1953 साली स्वतःच्या हस्ताक्षरावरून ‘मिस्ट्राल’ केला. ब्रशचा आणि हाताचा मोकळेपणा शिशाच्या खिळ्यात कसा ओतावा, याची ती खटपट होती. आमच्याकडं खिळ्यांचा प्रश्नच नव्हता, हातच स्वस्त होता. शिवाय निपाणीपासून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर, आणि कोल्हापुरात तर ‘पेंटर’ हे आडनावच होऊन गेलेलं. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले, 1920 साली ‘सैरंध्री’ काढून सिनेमावाले झाले, आणि सिनेमाची पोस्टरंही रंगवू लागले. तिकडं मुंबईत कमल शेडगे नाटकांची नावं अशी काढायचे की जाहिरात बघूनच नाटक हसवणार की रडवणार हे कळावं. पोस्टर गावोगाव जायचं, पेपर घरोघर यायचा. पेंटर लोक त्यांच्यासमोर उभं राहून शिकले. फी नाही, परीक्षा नाही, आणि नापास व्हायची तर सोयच नाही.

आमच्या गल्लीतल्या पेंटरमामांचं शिक्षण असंच झालेलं. शाळेत त्यांचं अक्षर वाईट होतं, असं ते स्वतःच सांगायचे. वहीत अक्षर काढायला त्यांना जागा पुरत नसे, एवढीच काय ती अडचण. चार बाय आठचा पत्रा मिळाला आणि हात मोकळा झाला.

त्यांचं काम बघायला पोरं जमायची. आधी पत्र्याला प्रायमर, मग ऑइल पेंटचा एक हात, तो वाळला की दुसरा. मग खडूच्या भुकटीत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध चिमटीत पकडून सोडायची. टणकन आवाज व्हायचा आणि पत्र्यावर एक पांढरी रेघ उठायची. असल्या चार रेघा मारल्या की मामा लांब जाऊन उभे राहायचे आणि एक डोळा मिटून रिकाम्या पत्र्याकडं बघत बसायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, दमले. खरं तर त्या वेळात सगळी पाटी लिहून झालेली असायची. नंतर ब्रश हातात घ्यायचे तो नुसतं गिरवायला.

ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचा. डाव्या हातात एक काठी, तिच्या टोकाला चिंधीची गुंडी. काठी पत्र्यावर टेकवायची आणि उजव्या हाताचं मनगट काठीवर. बोटं हलायची नाहीत. जाड फटकारा खांद्यातून यायचा, वळण मनगटातून. ‘अ’चं पोट भरताना मामा श्वास धरायचे आणि काना ओढून खाली आले की सोडायचे. एकदा एका गिऱ्हाइकानं ऐन कान्याच्या मध्यावर दर विचारला. मामांनी काना पूर्ण केला, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुचकळला, फडक्याला पुसला आणि मग म्हणाले, “आता वाढला.”

आणि शेपूट सगळ्यात शेवटी. “वाचता येतंय म्हणून कोण थांबतंय ओ?” मामा म्हणायचे. “बघत बसावंसं वाटलं पायजे. शेपूट मारल्याशिवाय अक्षराला ऐट येत नाही बघा.” शेपटीला ते वेगळे पैसे लावत नसत. मात्र गिऱ्हाइकानं घासाघीस केली असेल तर त्याची शेपूट आखूड व्हायची. जाणत्यांना त्यामुळं कुठला दुकानदार चिक्कू आहे हे पाटीवरून कळायचं.

पेंटरमामा कन्नडही लिहायचे. मराठी लिहायचे त्याच ऐटीत, त्याच ब्रशनं, तेवढीच शेपूट काढून. सीमाभागातल्या पेंटरला दोन्ही लिहिल्याशिवाय पोट भरत नाही. 1 नोव्हेंबर हा तर त्यांचा सुगीचा दिवस. एका मंडळाला राज्योत्सवाची लाल-पिवळी कमान हवी असते, दुसऱ्यांना काळ्या दिनाचा फलक, आणि दोघांनाही आदल्या रात्री. मामा दोन्ही कामं एकाच ओसरीवर शेजारी शेजारी वाळत घालायचे. काळा रंग इकडं फलकाला लागायचा, तिकडं कमानीतल्या अक्षरांच्या शेडला, डबा एकच. शेडही दोन्हीकडं उजव्या हाताला खाली पडायची. मामांच्या सूर्याला भाषा कळत नव्हती.

पण दोन लिप्या एका पत्र्यावर आणणं हे वाटतं तेवढं सोपं नाही, आणि ते का नाही हे मला मामांच्या मागं उभं राहिल्यावरच कळलं. देवनागरी अक्षरं म्हणजे निपाणी-बेळगाव बसमधले उभे प्रवासी. सगळे वरच्या दांडीला धरून लोंबकळणारे, आणि वेलांट्या-मात्रा-रफार हे त्यांचं टपावरचं सामान. कन्नड अक्षरं सीट मिळालेली. गोल, ऐसपैस, डोक्यावर ‘तलकट्टू’ची छोटीशी टोपी. पण त्यांचं सामान सीटखाली. कन्नडमध्ये जोडाक्षर करायचं तर दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली लटकतं. त्याला म्हणतात ओत्तक्षर.

आता पाटीवर कन्नड वर आणि मराठी खाली लिहा. काय होतं? वरच्या ओळीची ओत्तक्षरं खाली उतरतात, खालच्या ओळीच्या वेलांट्या आणि मात्रा वर चढतात, आणि मधल्या चार बोटांच्या पट्टीत दोघांची गाठ पडते. टेपवाल्यांनी 60 टक्के वरचे मोजले, 40 टक्के खालचे मोजले. ही मधली पट्टी कुणाच्या हिशेबात आहे हे कुणीच सांगितलेलं नाही. सीमाभागातला खरा वादग्रस्त पट्टा हा.

यात निपाणीची गंमत बघण्यासारखी आहे. मराठीत आपण ‘निपाणी’ लिहितो, कन्नडमध्ये ‘निप्पाणि’ लिहितात. दोन्हीकडं तीन अक्षरं. कन्नडमध्ये मधल्या ‘प्पा’च्या पोटाखाली एक ‘प’ लटकतो. मराठीत पहिल्या ‘नि’वर वेलांटी, तिसऱ्या ‘णी’वर वेलांटी, आणि मधला ‘पा’ बिचारा बोडका. म्हणजे वरून लटकणारा ‘प’ बरोबर दोन वेलांट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन बसतो. सुतारानं खाच पाडावी आणि कूस घालावी इतकं चपखल. ज्या गावाला सीमावादावरच्या 1967च्या महाजन अहवालानं महाराष्ट्रात टाकलं आणि जे अजूनही कर्नाटकात आहे, त्या गावाची दोन नावं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी राहतात. मामा ही पाटी लिहिताना शीळ घालायचे.

चिकोडीची पाटी आली की शीळ बंद. कन्नडमध्ये तिथंही मधल्या अक्षराखाली ‘क’ लटकतो. पण मराठीत ‘चि’, ‘को’, ‘डी’ तिघांनीही डोकी वर काढलेली. त्या ‘को’ची मात्रा नेमकी लटकणाऱ्या ‘क’ला भिडते. इथं मामांची खरी कसोटी. ओत्तक्षर जरा डावीकडं सरकवायचं आणि थोडं बारीक करायचं, मात्रा थोडी उजवीकडं कलती करायची, दोघांच्या मध्ये करंगळीएवढी फट ठेवायची. कुणी किती माघार घेतली हे बघणाऱ्याला कळता कामा नये. “दोघंबी थोडं थोडं सरकलं की बसतंय की हो,” एवढंच मामा म्हणायचे. या वाक्यावर दिल्लीत किती फायली खर्ची पडल्यात याची त्यांना कल्पना असावी, पण ब्रश ओला असताना ते राजकारण बोलत नसत.

आणि येळ्ळूर? 2014च्या जुलै महिन्यात याच गावातला ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ हा फलक प्रशासनानं पाडला, लोकांनी पुन्हा उभा केला, तो पुन्हा पाडला गेला, लाठ्या चालल्या, आणि एका पाटीपायी गावाचं नाव देशभरच्या पेपरांत झळकलं. त्याच गावाचं नाव कागदावर वर कन्नड, खाली मराठी असं लिहून बघा. कन्नडमधला खाली लटकणारा ‘ळ’ येतो तो मराठीतल्या ‘ळ्ळू’च्या बोडक्या डोक्यावर. कुठंही काहीही अडत नाही. अक्षरांनी आपला वाद केव्हाच मिटवलेला आहे.

राज्यांच्या नावांचं मात्र दुखणं निराळं. जाड ब्रशनं ‘महाराष्ट्र’ लिहायचं तर ‘ष्ट्र’ गुदमरतो. ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ, खाली ‘ट’, त्याखाली ‘र’चं काकपद, एवढा संसार एका अक्षराच्या जागेत मांडायचा म्हणजे रंग पसरून सगळा काळा गोळा होतो. ‘कर्नाटक’ देवनागरीत लिहिलं तर रफार पत्र्याच्या कडेला डोकं आपटतो. कन्नडमध्ये तोच ‘र’ ‘ना’च्या मागं जाऊन शहाण्यासारखा उभा राहतो. तेव्हा एका राज्याला पोटाचा विकार आणि दुसऱ्याला डोक्याचा, असं मामांचं निदान होतं. औषध दोघांना एकच: घाई करू नये, पातळ रंग घेऊ नये.

पु. ल. देशपांड्यांनी ‘गणगोत’मध्ये रावसाहेब उभे केले आणि बेळगावचा आवाज सगळ्या महाराष्ट्राला ऐकू गेला. कानडी हेल काढत दणक्यात येणारी ती मराठी ऐकून पुण्या-मुंबईची माणसं अजून खूश होतात. पण बेळगावचा हातही तेवढाच दांडगा, हे कुणी फारसं सांगितलं नाही. आवाजाला चरित्रकार मिळाला, अक्षराला मिळाला नाही. खरं म्हणजे हे हाताचंच गाव. के. बी. कुलकर्णी इथं बसून पोरांना चित्रकला शिकवत राहिले. बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांच्याकडं शिकून पुढं जाहिरातींच्या जगात मोठं नाव मिळवून गेले. आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट तर मला फार आवडते. जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, आणि तिथं कळलं की काही रंगांतला फरक आपल्याला नीट दिसत नाही. मग रंगपेटी मिटून यंत्रांची रेखाटनं शिकले. 1888 साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, त्याचं पुढं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. त्यांना सगळे रंग धड दिसले असते तर बेळगावला आणखी एक चित्रकार मिळाला असता आणि शेतकऱ्याचा लोखंडी नांगर गेला असता. त्यांच्या नावाचा रस्ता आज गावात आहे. त्या रस्त्यावर पाट्यांची जी रंगीत दाटी आहे ती बघून त्यांना काय दिसलं असतं कुणास ठाऊक. कदाचित नुसते आकारच दिसले असते, आणि मग त्यांनी इतरांहून जास्त बरोबर न्याय केला असता.

फ्लेक्स आला आणि ब्रश वाळला. सकाळी फोटो द्यावा, दुपारी डिजिटल बोर्ड तयार. वाढदिवसाला पन्नास माणसांचे चेहरे, मधोमध नेता, खाली शुभेच्छुक. या फ्लेक्सवर अक्षर असतं ते फक्त चेहऱ्यांमधल्या फटी बुजवायला. मामांनी एक-दोन वर्षं तग धरला, नंतर ट्रॉल्यांच्या फळ्यांवर आले, मग मंदिरातल्या देणगीदारांच्या यादीवर. “यादीत शेपूट मारता येत नाही,” ही त्यांची तक्रार. “मारली तर बाकीचे देणगीदार विचारतात, त्यालाच का?”

मामांचा भाचा डीटीपी करतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. त्याच्या कॉम्प्युटरवर मराठीचा ‘मंगल’ आणि कन्नडचा ‘तुंगा’ हे फॉन्ट मुकाट्यानं शेजारी राहतात, आणि ते दोन्ही एकाच माणसाच्या देखरेखीखाली झाले: सुलेखनकार आणि मराठी कवी र. कृ. जोशी. हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तरीच भांडत नाहीत.” पण भांडत नाहीत याचं खरं कारण दुसरं आहे. कॉम्प्युटर दोन ओळींत आपोआप एवढं अंतर सोडतो की वरच्याचा पाय खालच्याच्या डोक्याला लागायची शक्यताच उरत नाही. चिकोडीची गाठ सोडवायची गरज नाही, निपाणीची गळाभेट नाही. मधला पट्टा निर्मनुष्य. शांतता आहे, तंटामुक्त गावात असते तशी, सगळे पुण्याला गेल्यावरची.

त्यात हल्ली गिऱ्हाइकं भाच्याकडं येऊन म्हणतात, “जुन्या पेंटरवाणी अक्षर पाहिजे.” कॉफीचं नवं दुकान, रेट्रो थीम. मग तो फॉन्ट शोधतो. चांगल्या ब्रशच्या फॉन्टमध्ये एकेका अक्षराची दोन-तीन रूपं ठेवलेली असतात, म्हणजे एका शब्दात ‘ल’ दोनदा आला तर दोन्ही ‘ल’ सारखे दिसू नयेत आणि हातानं काढल्याचा भास व्हावा. शेपट्या वेगळ्या दिलेल्या असतात: लांब, आखूड, गाठ मारलेली. मामांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. जन्मभर दोन ‘ल’ सारखे येत नाहीत म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली होती, आणि आता तोच वेंधळेपणा पैसे मोजून विकत मिळतोय.

पण आनंदानं सांगायला हवं की या कामात जाणती माणसं आहेत. दिल्लीत हनीफ कुरेशींनी ‘हँडपेंटेडटाइप’ नावाचा उपक्रम काढून रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं फॉन्टमध्ये उतरवली. मुंबईच्या लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा वन’ हा देवनागरी फॉन्ट झाला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं ‘मोदक’ केला. नावाप्रमाणे फुगलेला, अक्षराच्या पोटात जेमतेम केसाएवढी फट. त्यांच्याच ‘बालू’च्या कुटुंबात देवनागरीही आहे आणि कन्नडही, दोघांची अंगलट सारखी. ‘श्रीखंड’ नावाचाही एक जाड, तिरपा, भारतीय पाट्यांच्या ऐटीचा फॉन्ट आहे. तो मात्र गुजराती आणि रोमन लिपीत, देवनागरीत नाही. श्रीखंड गुजरातला गेल्याचं आम्ही सीमाभागातली माणसं मनावर घेत नाही. आम्हाला याहून मोठ्या गोष्टींची सवय आहे.

माझं म्हणणं एवढंच की आता एक फॉन्ट आमचाही व्हावा. जाड, तिरपा, शेपटीचा, दोन्ही लिप्यांचा, एका मनगटातून निघालेला. त्यात ‘निपाणी’च्या वेलांट्या आणि ‘निप्पाणि’चं ओत्तक्षर आपण होऊन एकमेकांत बसावं. वर कन्नड, खाली मराठी लिहिलं की चिकोडीच्या ‘क’नं आणि ‘को’नं न सांगता थोडं थोडं सरकावं. तंत्र आजच्या फॉन्टांत आहे. शेजारचं अक्षर बघून आपलं रूप बदलायला त्यांना येतं. वरच्या ओळीतलं अक्षर बघून बदलायला कुणी शिकवलेलं नाही, कारण शिकवणाऱ्यांच्या गावात वरच्या ओळीत कोण बसणार यावर कधी मोर्चा निघालेला नाही. हे काम बेळगावच्याच माणसानं करावं. मामांच्या हातच्या पाट्या अजून थोड्या शिल्लक आहेत. पत्रा गंजलाय पण शेपट्या शाबूत आहेत.

नावावरून वाद होईल, तो व्हायचाच. बेळगावची माणसं म्हणतील ‘कुंदा’. गोकाकवाले ‘करदंट’ पुढं करतील. निपाणीचा मान राखायचा तर ‘तंबाखू’ म्हणावं लागेल, पण मग नियमाप्रमाणे वैधानिक इशारा आला, आणि त्या इशाऱ्याला पाकिटावर 85 टक्के जागा लागते. म्हणजे कन्नडच्याही वर 25 टक्के. अक्षरांची वाटणी कशी करायची हाही प्रश्न निघेल. महाजन अहवालात 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 कर्नाटकाला अशी शिफारस होती. जोडाक्षरंही त्याच प्रमाणात वाटून टाकावीत असं सुचवणारा एखादा निवृत्त मास्तर बेळगावच्या टिळकवाडीत नक्की सापडेल. फॉन्टचं ऑफिस कुठं ठेवायचं? अर्जुननगरला ठेवता येईल. निपाणीचं देवचंद कॉलेज तिथंच आहे, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, आणि निपाणीची पोरं रोज वर्गात बसायला महाराष्ट्रात जाऊन जेवायला कर्नाटकात परत येतात. त्यांना कधी दमलेलं पाहिलं नाही.

तरीही फॉन्ट कुठल्या राज्याचा हे ठरलं नाही तर नवा खटला भरायची गरज नाही. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा 2004 सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहेच, त्यालाच एक पुरवणी अर्ज जोडून द्यावा. निकाल लागेपर्यंत फॉन्ट दोन्हीकडच्यांनी फुकट वापरावा, म्हणजे आमच्या पोरांचीच नाही तर नातवंडांचीही सोय झाली.